अंड्याभोवतीची गर्दी

आठवड्यातले दोन-तीन दिवस माझी बोटं पिवळी असतात. हातमोजे घालूनसुद्धा. पिक्रिक अ‍ॅसिड नेमकं कुठून शिरतं ते अकरा वर्षांत मला कळलेलं नाही. त्यात सिरियस रेड नावाचा रंग विरघळवायचा, यकृताचे पाच मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचे काप तासभर त्यात ठेवायचे आणि मग अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड घातलेल्या पाण्यात दोनदा धुवायचे. साध्या पाण्यात धुतले की पिवळा वाहून जातो. नवीन आलेला प्रत्येक जण हे एकदा तरी करतोच. सगळं नीट जमलं तर पेशी पिवळ्या दिसतात आणि कोलॅजन, म्हणजे पेशींबाहेरचे प्रथिनाचे धागे, लालभडक. तो लाल म्हणजे व्रण, म्हणजेच फायब्रोसिस. तो लाल मोजणं हे माझं काम.

यकृत उंदराचं, हे लगेच सांगते. एरवी माझं काम ऐकलं की लोक अर्धा पाऊल मागे सरकतात.

हे उंदीर शिस्टोसोमा मॅनसोनी या कृमीची लागण झालेले असतात. या कुळातला पहिला कृमी थिओडोर बिलहार्झ या तरुण जर्मन डॉक्टरला १८५१ मध्ये कैरोत, शवविच्छेदन करताना सापडला. म्हणून या रोगाला अजूनही बिलहार्झिया म्हणतात. आतड्यात राहणाऱ्या नेहमीच्या जंतांसारखा हा नाही. हा रक्तवाहिनीत राहतो. गोड्या पाण्यातल्या गोगलगायीतून बाहेर पडलेली, शेपटीला फाटा असलेली त्याची पिल्लं पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीतून आत शिरतात आणि आतड्याच्या शिरांपर्यंत पोचतात. तिथे नर-मादीचा संसार सुरू होतो. नराच्या अंगाला लांबच लांब पन्हळ असते, मादी त्या पन्हळीत राहते, आणि ही जोडी वर्षानुवर्षं सुटत नाही. मादी दिवसाला साधारण तीनशे अंडी घालते.

रक्तात पोहणारा सेंटिमीटरभर लांबीचा कृमी, आणि आपली प्रतिकारयंत्रणा त्याला हातही लावत नाही. तो आपल्याच शरीरातले रेणू अंगावर पांघरून बसतो, ओळखूच येत नाही. राग सगळा निघतो अंड्यांवर.

अंड्यांनी खरं तर आतड्याची भिंत फोडून विष्ठेवाटे बाहेर पडायचं असतं. पण त्यांतली निम्मीच्या आसपास रक्ताच्या ओघात उलट्या दिशेला जातात, आणि आतड्यांचं रक्त जातं कुठे, तर यकृतात. तिथल्या बारीक शिरांमध्ये ती अडकतात. अंडं जवळजवळ १४० मायक्रॉन लांब, शीर त्याहून अरुंद. पुढे जायला वाट नाही, मागे फिरायला जागा नाही.

सूक्ष्मदर्शकाखाली हे अंडं देखणं दिसतं, असं म्हटलं की माझी जाऊ तोंड वाकडं करते. पण दिसतं खरं. लंबगोल, पारदर्शक कवच, आणि एका बाजूला गुलाबाच्या काट्यासारखा एकच काटा. जिवंत असेल तर आतली अळी हललेली दिसते. तीही दोन-तीन आठवडे जगते, आणि तेवढा वेळ कवचाच्या बारीक छिद्रांतून प्रथिनं बाहेर सोडत राहते. पुढची सगळी कथा या पाझरण्यातून सुरू होते.

कापावर त्या अंड्याभोवती पेशींचं कडं पडलेलं असतं. त्याला ग्रॅन्युलोमा म्हणतात. मराठीत कुणी गाठ म्हणतं, कुणी कणार्बुद. मी वहीत ‘गर्दी’ लिहिते, कारण ती दिसते तशीच. अपघात झाल्यावर रस्त्यात जमते ना, तशी. मधोमध अंडं, त्याला चिकटून मॅक्रोफेज, म्हणजे भक्षक पेशी, बाहेर इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी, मध्येमध्ये प्रतिकाराला दिशा देणाऱ्या टी पेशी, आणि सगळ्यात बाहेरच्या कडेला लाल धागे. केनेथ वॉरन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात दाखवलं, की ही गर्दी अंड्यांनी जमवलेली नाही, उंदराच्या स्वतःच्या प्रतिकारयंत्रणेनं जमवलेली आहे. अंड्यांशी आधी गाठ पडलेल्या उंदरात दुसऱ्या वेळी गर्दी लवकर जमते आणि मोठी जमते. म्हणजे यकृताचा जो नाश होतो तो कृमी करत नाही. आपणच करतो.

हे वाक्य मी पहिल्या वर्षी वहीच्या मुखपृष्ठाच्या आत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं. आणि त्यापायी चांगलीच तोंडावर आपटले.

झालं असं. त्या वर्षी आमच्याकडे दोन गट होते. अ गट साधा. पेशी एकमेकींना प्रथिनांचे निरोप पाठवतात. ब गटातल्या उंदरांच्या पेशींवर त्यांतल्या आयएल-४ आणि आयएल-१३ (आयएल म्हणजे इंटरल्यूकिन) या दोन निरोपांना दार उघडणारी कडीच, म्हणजे रिसेप्टरच, नव्हती. हे दोन्ही निरोप मुख्यत्वे टी एच २ प्रकारच्या टी पेशी पाठवतात. कृमी अंडी घालायला लागला, म्हणजे पाचव्या आठवड्याच्या सुमाराला, की उंदराच्या प्रतिसादाचा सूर बदलतो. आधी तो जिवाणू-विषाणूंशी लढताना असतो तसा टी एच १ थाटाचा असतो, मग टी एच २ कडे झुकतो. आठव्या आठवड्यात गर्दी सगळ्यात मोठी असते. त्या आठवड्यातले काप माझ्या टेबलावर आले.

अ गटाच्या काचपट्ट्या नेहमीसारख्या होत्या. फुगीर गोळे, कडेला जाड लाल वेटोळं. ब गटात मात्र गोळे लहान आणि लाल जेमतेम. मी हरखले. संगणकावर क्षेत्रफळ मोजलं, दोनदा मोजलं, आलेख काढला. वहीत लिहिलं: ‘ब गटाचं यकृत स्पष्टपणे चांगलं.’ ‘स्पष्टपणे’ खाली रेघ.

आमच्या उंदीरघरात एक काका होते. त्यांचा माझ्याशी संबंध एवढाच, की ते लेबल लावलेल्या बाटल्या आणून द्यायचे. मी तेव्हा उंदीरघरात पाऊल ठेवत नसे. वास सोसत नाही हे कारण सांगायचे. खरं कारण म्हणजे उंदीर जिवंत बघितला की कापताना हात अडतो. त्या दिवशी काका बाटल्या ठेवायला आले, तर मी उत्साहानं त्यांना पडद्यावरची दोन चित्रं दाखवली. म्हटलं, “काका, बघा, हे ब वाले. किती छान यकृत आहे.”

त्यांनी चष्मा वर करून बघितलं. म्हणाले, “अहो ताई, ब वाले तर राहिलेत कुठे? चार काल गेले. उरलेत ते पाठ काढून बसलेत कोपऱ्यात.” मग वजनांची वही आणून पुढ्यात ठेवली. सहाव्या आठवड्यापासून ब गटाचे आकडे जिन्यावरून उतरावेत तसे उतरत होते. अ गटाचे, ज्यांच्या यकृतावर मी शेरे मारले होते त्यांचे, जागच्या जागी.

मी सरांकडे गेले. सर म्हणाले, “तू यकृत पाहिलंस. आतडं कुणी पाहायचं?”

आतड्यातूनही अंडी बाहेर पडत असतात, हे मी विसरले होते. रोज शेकडो अंडी भिंत भोसकून जातात, आणि तिथल्या जखमा बुजवायचं काम याच टी एच २ निरोपांवर चालणाऱ्या मॅक्रोफेजांचं. निरोपच पोचले नाहीत तर भिंत गळकी राहते, आतड्यातल्या जिवाणूंचं विष रक्तात उतरतं, दाह वाढत जातो, उंदीर खंगतो आणि मरतो. यकृतातही हेच उलट बाजूनं दिसतं. टी पेशीच नसलेल्या उंदरांत अंड्याभोवती गर्दी जमत नाही, पण मग अंड्यातून पाझरणारी प्रथिनं शेजारच्या यकृतपेशी थेट मारतात. त्यांतलं ओमेगा-१ नावाचं एक प्रथिन यकृतपेशींना विषारी आहे. गंमत म्हणजे टी एच २ प्रतिसादाला चालना देणाऱ्यांतही हेच प्रथिन पुढे असतं. विष सोडणारं अंडं स्वतःच कुंपण मागवून घेतं, असं म्हणायला हरकत नाही. यजमान मेला तर कृमीचाही संसार बुडतो, हे लक्षात घेतलं की त्यात फारसं नवल उरत नाही.

तर व्रण म्हणजे फुकटचा उपद्रव नव्हे. तो विषाभोवतीचं कुंपण आहे. गडबड होते ती कुंपण घालणारे थांबत नाहीत तेव्हा.

वहीतली ‘स्पष्टपणे’वाली ती ओळ मी खोडली नाही. शेजारी तारीख घालून ‘चूक’ एवढंच लिहिलं.

या दोन निरोपांची वेगवेगळी तपासणी झाली आहे, आणि ती मला या सगळ्या विषयातली सर्वात सुंदर गोष्ट वाटते. आयएल-४ आणि आयएल-१३ हे सख्खे भाऊ म्हणावेत असे: जनुकं शेजारी शेजारी, दाराची कडी अर्धी सामाईक. फक्त आयएल-४ काढून घेतलं, तर लागण झालेले उंदीर सुरुवातीच्याच आठवड्यांत खंगून मरतात. फक्त आयएल-१३ काढून घेतलं, तर उंदीर जगतात, गर्दीही जमते, आणि व्रण कितीतरी कमी होतो. दीर्घकाळच्या लागणीत हे उंदीर साध्या उंदरांपेक्षा जास्त टिकतात. म्हणजे एक भाऊ जीव वाचवतो आणि दुसरा कुंपणावर कुंपण रचत सुटतो. मी दोघांनाही एकदम हाकलून दिलं होतं आणि लाल कमी झाला म्हणून टाळ्या वाजवत होते.

आयएल-१३ निरोप देतं तो विणकऱ्यांना. यकृतात स्टेलेट पेशी असतात. एरवी पोटात ‘अ’ जीवनसत्त्वाचे तेलकट थेंब साठवून निवांत बसलेल्या. निरोप आला की थेंब टाकून देतात, अंग ताणून घेतात आणि कोलॅजनचे दोर सोडायला लागतात. कुप्फर या शरीरशास्त्रज्ञानं त्या १८७६ मध्ये पाहिल्या आणि त्यांना ताऱ्यांच्या पेशी म्हटलं. पुढे त्याचाच घोटाळा झाला, त्याला त्या भक्षक पेशी वाटल्या, आणि आज कुप्फर पेशी म्हणतात त्या यकृतातल्या मॅक्रोफेजांना. ज्या त्यानं खऱ्या पाहिल्या त्यांना त्याचं नाव नाही. परीक्षेत यावर मार्क घालवलेल्यांपैकी मी एक आहे, म्हणून ही तक्रार.

गर्दीत संख्येनं सगळ्यात जास्त असतात इओसिनोफिल. उंदराच्या ग्रॅन्युलोमात निम्म्याच्या घरात तेच. इतके असतात म्हणजे काहीतरी मोठं करत असणार, असा सगळ्यांचा कयास होता. मग इओसिनोफिल मुळातच नसलेले उंदीर तयार केले, लागण केली, आणि यकृतात गोळ्यांचा आकार, व्रण, काहीच फारसं बदललं नाही. मला हे फार आवडतं. प्रत्येक कार्यालयात असे लोक असतात.

मॅक्रोफेजांची गोष्ट याच्या बरोबर उलट. टी एच २ निरोप मिळालेले मॅक्रोफेज आर्जिनेज-१ नावाचं विकर भरमसाट बनवतात. हे विकर आर्जिनिन या अमिनो आम्लाचं ऑर्निथिन करतं, ऑर्निथिनपासून प्रोलिन होतं, आणि कोलॅजनच्या दोरात प्रोलिन खच्चून भरलेलं असतं. कागदावर हिशोब चोख बसला: हे मॅक्रोफेज विणकऱ्यांना सूत पुरवतात, म्हणून व्रण होतो. वर्षानुवर्षं लोक असंच शिकवत होते. मग २००९ मध्ये फक्त मॅक्रोफेजांतून आर्जिनेज-१ काढलेल्या उंदरांचे निकाल आले. व्रण कमी व्हायला हवा होता. तो वाढला. गोळे मोठे झाले, आणि उंदीर लवकर मेले. कारण ते मॅक्रोफेज सूत पुरवत नव्हते; आजूबाजूचं आर्जिनिन खाऊन टाकून टी पेशींची उपासमार करत होते, त्यांना आवर घालत होते. ज्याच्यावर चोरीचा आळ होता तो पहारेकरी निघाला.

आवर घालणारे आणखीही आहेत. नियामक टी पेशी आहेत, आयएल-१० हा निरोप आहे. आणि मला विशेष प्रिय असलेलं एक फसवं दार आहे. आयएल-१३ साठी शरीर एक जादा कडी बनवतं, तिचं नाव आयएल-१३ आर अल्फा-२. आयएल-१३ तिला घट्ट चिकटतं, पण आतल्या बाजूला नेहमीचा निरोप जातच नाही. नुसतं अडकून राहतं. ही फसवी कडी नसलेल्या उंदरांत व्रण बेसुमार वाढतो. एरवी बाराव्या आठवड्यानंतर येणाऱ्या नव्या अंड्यांभोवती गर्दी आपोआप लहान व्हायला लागते, ती या उंदरांत होत नाही. कुंपण घालायला सांगणारे जेवढे, तेवढेच ‘पुरे’ म्हणणारेही शरीरात तैनात असतात, आणि माझ्या काचपट्टीवरचा लाल म्हणजे या दोघांच्या भांडणाचा त्या दिवसापुरता निकाल.

म्हणूनच ‘रोगप्रतिकारशक्ती वाढवा’ अशी जाहिरात दिसली की माझं डोकं फिरतं. नेमकी कुठली वाढवू? आयएल-१३ वाढवू?

उंदरांच्या जातीनुसारही चित्र बदलतं. सी५७ जातीच्या काळ्या उंदरांत गोळे आटोपशीर राहतात. सीबीए जातीत त्याच कृमीनं, तेवढ्याच अंड्यांनी गोळे पसरतात, कडा फाटलेल्या दिसतात. तिथे टी एच १७ पेशी आणि त्यांचं आयएल-१७ मैदानात उतरलेलं असतं, आणि त्यांच्या मागून न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींचा लोंढा येतो. दोन्ही काचपट्ट्या शेजारी ठेवल्या तर वेगळे रोग वाटावेत.

माणसांतही तसंच. लागण कोट्यवधींना असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबानं २०२१ मध्ये २५ कोटींहून जास्त लोकांना या रोगावर प्रतिबंधक उपचारांची गरज होती, त्यांतले बहुतेक आफ्रिकेत. पण यकृत गंभीरपणे जखडलं जातं ते त्यांतल्या थोड्यांचं. १९९९ मध्ये सुदानमधल्या एका गावातल्या कुटुंबांचा अभ्यास छापून आला. कुणाचा व्रण वाढतो हे बऱ्याच अंशी सहाव्या गुणसूत्रावरच्या एका जागेशी बांधलेलं आहे, आणि ती जागा इंटरफेरॉन गॅमाच्या कडीच्या जनुकाला लागून आहे, असं त्यात दिसलं. इंटरफेरॉन गॅमा हा टी एच १ वाल्यांचा निरोप, आणि विणकऱ्यांना तो ‘पुरे’ सांगतो. त्या शोधनिबंधातली वंशावळींची चित्रं मी बराच वेळ बघत बसले होते.

ज्यांचं यकृत जखडतं त्यांच्यात व्रण यकृतभर पसरत नाही, शिरांच्या बाजूनं नळीसारखा चढतो. सिमर्स यानं १९०४ मध्ये इजिप्तमध्ये कापलेल्या यकृतात हे पाहिलं आणि त्याला मातीच्या चिलमीच्या पांढऱ्या नळ्या खुपसल्यासारखं वाटलं. ती उपमा अजून वापरात आहे. यातली कपटी बाब अशी, की यकृतपेशी बऱ्यापैकी शाबूत असतात. रक्ततपासणी कितीदा ठीक येते. अडतो तो रक्ताचा मार्ग. मागे दाब साचतो, प्लीहा फुगते, अन्ननलिकेच्या शिरा फुगतात, आणि एक दिवस माणूस रक्ताची उलटी करतो. दारूनं सडलेल्या यकृताची कथा वेगळी असते, दोन्हींना सरसकट सिरोसिस म्हणून मोकळं होऊ नये.

कृमी मारायला प्राझिक्वांटेल आहे. किलोमागे ४० मिलिग्रॅम, बहुतेकदा एकदाच. मोठे कृमी मरतात, अंडी घालणं थांबतं. व्रणावर ते थेट काही करत नाही. पण नवी अंडी येणं थांबलं की विणकरी हळूहळू सुस्तावतात, काही मरतात, आणि मॅक्रोफेजांतलीच एक तुकडी कोलॅजन तोडणारी विकरं काढून दोर कातरायला लागते. दोर घालायला हातभार लावणारे आणि काढणारे एकाच घरचे. माणसांत सोनोग्राफीवर हा फरक दिसायला महिने लागतात, कधी वर्षं, आणि जुना जाड व्रण पुरता जात नाही. व्रणाला नेमकं आवरणारं औषध या रोगासाठी अजून नाही. आयएल-१३ थांबवायचं, पण आतड्याची भिंत गळू द्यायची नाही, असं काहीतरी ते असावं लागेल. ब गट आठवला की मला त्याची घाई वाटत नाही.

आता मी काप मोजते ते गट लपवून. काचपट्टीवर फक्त आकडा असतो, यादी दुसऱ्या कुणाच्या खणात. आणि मोजायला बसण्याआधी उंदीरघरात जाऊन येते. वास अजूनही सोसत नाही. ते काका निवृत्त झाले; त्यांच्या जागी आलेल्या मुलाला मी पहिल्याच दिवशी वजनांची वही मागितली तेव्हा तो बुचकळ्यात पडला. म्हणाला, “मॅडम, तुम्ही तर रंगाचं काम करता ना?”

काल औषध दिलेल्या एका गटाचे काप रंगवले, उपचारानंतर सहा महिन्यांचे. एका कापात कोपऱ्यात रिकामं कवच होतं, काट्यासकट. आतली अळी कधीच विरघळून गेलेली. इओसिनोफिल निघून गेलेले, टी पेशी एखाद-दुसरी. एकच भलामोठा बहुकेंद्रकी मॅक्रोफेज त्या कवचाला मिठी मारून बसला होता, आणि बाहेरून केसाएवढी बारीक लाल रेघ. ध्रुवित प्रकाश लावला तर ती अंधारात नारिंगी चमकली. क्षेत्रफळ भरलं ०.४ टक्के. वहीत लिहिलं, पेन ठेवलं आणि पुढची पट्टी लावली.